जुने स्टिकर काढावेत कसे? रंग राखून आणि आग टाळून



दसऱ्याला आपण ट्रॅक्टर धुतो, बॉनेटला झेंडूचा हार घालतो, नारळ फोडतो. ट्रॉलीच्या मागच्या फाळक्याकडे मात्र सहसा कोणी बघत नाही. तिथे गेल्या हंगामाचा क्रमांक असतो, त्याच्याखाली आदल्या हंगामाचा. शेजारी बियाण्याच्या दुकानाची जाहिरात, एखाद्या जुन्या निवडणुकीचे चिन्ह, आणि या सगळ्या गर्दीत अर्धी फाटलेली, धुळीने माखलेली लाल चमकपट्टी. ट्रॉलीचा मागचा दिवा पुष्कळदा बंदच असतो. अशा वेळी रात्री मागून येणाऱ्याला आपली ट्रॉली दाखवायला ही पट्टी तेवढी उरते.

मोळी पडण्याआधी, म्हणजे दसरा-दिवाळीच्या सुमारास, ही जुनी स्टिकरे काढून पत्रा स्वच्छ करावा आणि नवी चमकपट्टी लावावी, हे सांगण्यासाठी हा लेख आहे. काम एका दिवसाचे आहे, पण रीत ठाऊक नसली की दोन तऱ्हेचे नुकसान होते. कोणी पत्र्याने खरवडतो आणि रंग घालवून बसतो. कोणी पेट्रोलची बाटली घेऊन बसतो आणि जिवाशी खेळतो. दोन्ही टाळता येते.

हा खटाटोप कशासाठी?

आधी थोडा हिशेब करू. ताशी ६० किलोमीटर वेगाने येणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. समोर काही दिसल्यावर चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरला, तरी २५ मीटर तिथेच संपले. पुढे ब्रेक लागून गाडी थांबायला, रस्ता कोरडा आणि ब्रेक चांगले असतील तर, आणखी वीस-पंचवीस मीटर. म्हणजे पन्नास मीटरच्या आत पंक्चर होऊन उभी असलेली ट्रॉली दिसली, तर चांगल्या चालकालाही ती चुकवणे कठीण. खालच्या झोताच्या दिव्यात मातकट रंगाची वस्तू साधारण तेवढ्याच अंतरावर दिसते, कधी त्याहूनही जवळ आल्यावर. स्वच्छ चमकपट्टी त्याच दिव्यात कितीतरी लांबून चमकते. अपघात आणि बचाव यांत फरक पडतो तो इथे.

सुरत-धुळे-जळगाव-नागपूर महामार्ग असो की मुंबई-आग्रा रस्ता, हंगामात रात्री तिथे काय वाहतूक असते हे आपण जाणताच. रावेर-सावद्याकडचे केळीचे ट्रक, कापसाच्या गाड्या, लांब पल्ल्याच्या बसेस, आणि त्यांच्या मधून आपला ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढत निघालेला. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये वाहनाच्या, तसेच ट्रॉलीच्याही, मागच्या बाजूस दोन लाल परावर्तक असावेत असे सांगितले आहे. पण नियम राहू द्या बाजूला. ट्रॉलीवर आपल्याच गावचा पोरगा बसलेला असतो, आणि मागच्या मोटारसायकलवरही कोणाचा तरी पोरगाच असतो.

आता कोणी म्हणेल, "मग जुन्या स्टिकरावरच नवी पट्टी चिकटवली तर काय बिघडले?" बिघडते असे की, नवी पट्टी जुन्या कागदाला चिकटते आणि जुना कागद सुटला की त्याच्यासकट खाली येते. शिवाय खाली उंचवटे राहतात, तिथे हवा आणि पाणी शिरते. सुटलेल्या कडेखाली चिखल आणि उसाचा रस साचतो. रस आंबतो, ओल धरून राहतो आणि आतल्या आत पत्रा गंजतो. वरून स्टिकर शाबूत दिसते, खाली पत्र्याची चाळण झालेली असते.

पत्र्यावर चिकटलेले आहे तरी काय?

सगळी स्टिकरे एका जातीची नसतात. जात ओळखली की निम्मे काम झाले.

पहिली जात साध्या कागदाची. खळीने किंवा पाण्यात विरघळणाऱ्या डिंकाने लावलेला कागद. याला कोमट पाणी पुरते. ओले फडके अर्धा तास लावून ठेवा, कागद लगदा होऊन निघतो.

दुसरी जात प्लॅस्टिकच्या स्टिकरांची. आजकाल बहुतेक हीच असतात. यांच्या पाठीला कायम ओला राहणारा, दाबला की चिकटणारा डिंक असतो. पाण्याने तो हलत नाही.

तिसरी जात जुन्या ट्रान्सफरची. पूर्वी सायकलींवर, शिवणयंत्रांवर, जुन्या इंजिनांवर कंपनीची निशाणी अशी उमटवलेली असे. हा पापुद्रा अतिशय पातळ असतो आणि त्यावर पुष्कळदा वार्निशचा हात असतो. जुन्या यंत्रावरची अशी निशाणी शाबूत असेल तर आमचे मत विचाराल तर ती काढूच नये. ती यंत्राची शोभा आहे.

चौथी जात चमकपट्टीची. हिच्यात काचेचे बारीक मणी किंवा सूक्ष्म लोलक बसवलेले असतात. आलेला उजेड ते जिथून आला तिकडेच परत पाठवतात, म्हणून ती गाडीवाल्याच्या डोळ्याला चमकते. ही पट्टी जाड असते आणि जुनी झाली की तुकड्या-तुकड्यांनी निघते. सर्वांत जास्त वेळ हिलाच लागतो.

चिकटवणे आणि रंग न दुखावता काढणे हा तिढा जुनाच आहे. अमेरिकेत दोन रंगांच्या मोटारी निघाल्या तेव्हा रंगाऱ्यांना एक भाग झाकून दुसरा रंगवावा लागे. झाकण्यासाठी लावलेला कागद काढताना त्याबरोबर ताजा रंगही निघून येई. रिचर्ड ड्रू या माणसाने हे रंगाऱ्यांच्या कारखान्यात पाहिले आणि १९२५ साली सहज सुटणारी चिकटपट्टी तयार केली. रंगारी आजही ती वापरतात. पुढे १९३५ साली स्टँटन एव्हरी यांनी पाठीला डिंक असलेली तयार लेबले बाजारात आणली. आजची आपली स्टिकरे त्याच वंशातली.

नवे स्टिकर सहज निघते आणि जुने हट्टाला का पेटते, त्याचेही कारण आहे. प्लॅस्टिक मऊ राहावे म्हणून त्यात तेलकट पदार्थ मिसळलेला असतो. उन्हाने तो हळूहळू निघून जातो, प्लॅस्टिक पापडासारखे कडक होते आणि ओढले की तुकडा पडतो. खालचा डिंकही उन्हाने घट्ट होत जातो. आपल्या जळगाव-धुळ्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. तेव्हा दोन उन्हाळे काढलेले स्टिकर इथे चांगलेच म्हातारे झालेले असते.

आधी रंगाची परीक्षा

स्टिकर काढण्याआधी खालचा रंग कोणता ते बघावे. ट्रॅक्टरच्या बॉनेटचा मूळ रंग कंपनीत भट्टीत भाजून पक्का केलेला असतो, तो बरेच सोसतो. ट्रॉलीचा रंग बहुधा गावच्या वेल्डिंगच्या दुकानात ब्रशने दिलेला ऑइलपेंट असतो. तो उघड्या हवेत वाळलेला, त्यामुळे मऊ. आणि एखाद्या जुन्या गाडीवर ड्युको मारलेला असेल तर तो थिनरने सरळ विरघळून जातो.

परीक्षा सोपी आहे. फाळक्याच्या आतल्या बाजूला, कोणाला दिसणार नाही अशा कोपऱ्यात, जे औषध वापरणार त्यात भिजवलेली चिंधी अर्धा मिनिट दाबून धरा. मग पुसा. चिंधीला रंग लागला किंवा जागा चिकट झाली, तर ते औषध त्या रंगाला चालणार नाही. ही परीक्षा केल्याशिवाय कोणताही द्राव वापरू नये.

पहिली पायरी उन्हाची

ट्रॉली धुऊन, माती काढून कोरडी करा. मग स्टिकरची बाजू दुपारच्या उन्हाकडे करून तासभर उभी ठेवा. ऊन लागले की डिंक ढिला पडतो आणि कडक प्लॅस्टिकही थोडे मऊ येते. ऑक्टोबरचे ऊन या कामाला फार चांगले. मे महिन्याच्या उन्हात डिंक पाक होऊन पसरतो, आणि थंडीत स्टिकर काचेसारखे तुटते.

ऊन पुरेसे नसेल तर गरम पाण्यात फडके बुडवून, पिळून, स्टिकरवर पाच-सात मिनिटे दाबून ठेवा. दोन-तीनदा करा. गॅसची बत्ती, स्टोव्ह किंवा टेंभा मात्र जवळ आणू नका. रंग तर फुगतोच, आणि आजूबाजूला पाचट पडलेले असते हे विसरू नका.

आता एका कोपऱ्यापासून नखाने कड उचला. ओढताना आपल्याकडे सरळ न ओढता पट्टी मागे दुमडून, पत्र्याला लगटून, सावकाश ओढा. सरळ ओढले की सगळा ताण रंगावर येतो आणि रंगाचा पापुद्रा सोबत निघतो. तुटले तर दुसरा कोपरा धरा. घाईचे हे काम नव्हे.

कड उचलायला लोखंडी पत्रा किंवा ब्लेड घेऊ नका. बांबूची चपटी चिपटी किंवा जुने प्लॅस्टिकचे कार्ड पुरते. बॉनेटवर फोमच्या पट्टीने चिकटवलेली जाड अक्षरे असतील, तर त्यांच्या मागून बारीक नायलॉनची दोरी घालून करवतीसारखी मागे-पुढे ओढा. फोम कापला जातो आणि अक्षर हातात येते.

मागे राहिलेला चिकटा

स्टिकर निघाले तरी डिंकाचा थर मागे राहतो. त्यावर धूळ बसून काळा डाग पडतो. तो काढताना सौम्य उपायापासून सुरुवात करावी आणि गरज असेल तरच पुढच्या उपायाकडे जावे.

१) अंगठ्याने चोळा. ताज्या डिंकाच्या गोळ्या वळतात आणि सुटतात. चांगली चिकटपट्टी त्यावर दाबून झटक्याने उचलली तरी डिंक तिच्याबरोबर निघतो.

२) खाण्याचे तेल लावा. शेंगदाण्याचे, सरकीचे, घरात असेल ते. अर्धा-पाऊण तास राहू द्या. तेल डिंकात मुरते आणि त्याची पकड सुटते. मग कार्डाने हलके खरवडून पुसा. तेलाने रंगाला काही होत नाही, म्हणून वेळ लागला तरी हा उपाय आम्हाला सर्वांत पसंत आहे.

३) तेवढ्याने न निघाल्यास रॉकेल किंवा रंगाच्या दुकानात मिळणारे टर्पेंटाइन. रॉकेल आता पूर्वीसारखे सहज मिळत नाही, तेव्हा टर्पेंटाइनच बरे. चिंधी ओली करा, पत्र्यावर ओतू नका.

४) त्यानेही राहिले तर स्पिरिट. प्लॅस्टिक स्टिकरच्या काही डिंकांवर तेलापेक्षा हेच जास्त चालते. परीक्षा करून, थोडे-थोडे वापरा.

थिनर शेवटी सुद्धा नको. भट्टीत भाजलेल्या रंगावर एखादे वेळी खपून जाते, पण ब्रशने दिलेल्या रंगावर ते डिंकाआधी रंगच काढते. नखाचा रंग काढायचे औषधही त्याच कुळातले.

ऊन आणि रॉकेल एकत्र नको

ही गोष्ट सभासदांनी घरातल्या सर्वांना सांगावी. रॉकेलला आपण सौम्य समजतो, कारण थंडीत काडी टाकली तरी ते लगेच भडकत नाही. पण साधारण ३५ ते ४० अंशांच्या पुढे रॉकेलची वाफ पेट घेण्याइतकी दाट होऊ लागते. टर्पेंटाइन आणि डिझेलही त्याच हिशेबात धरा. उन्हात तापलेला पत्रा, ज्याच्यावर हात ठेववत नाही, तो याहून कितीतरी गरम असतो. म्हणजे स्टिकर ढिले करायला जे ऊन उपयोगी पडते, त्याच उन्हात रॉकेल पेट्रोलसारखे वागू लागते.

म्हणून क्रम असा ठेवा. ऊन दाखवा, स्टिकर ओढून काढा, मग ट्रॉली सावलीत घ्या. पत्रा हाताला गार लागेपर्यंत थांबा. त्यानंतरच द्रावाची बाटली उघडा, तीही मोकळ्या हवेत. बॉनेटचे काम असेल तर इंजिन पूर्ण गार असावे. बिडी-काडी, वेल्डिंग, चूल जवळपास नको.

पेट्रोल या कामाला वापरूच नये. त्याची वाफ कडाक्याच्या थंडीतही पेटते, हवेपेक्षा जड असल्याने जमिनीसरशी वाहत जाते आणि दहा-पंधरा हात लांबच्या विस्तवाला जाऊन भिडते. पेटल्यावर आग मागे बाटलीपर्यंत येते.

तेलाच्या चिंध्यांचेही एक सांगतो. जवसाचे तेल किंवा ऑइलपेंट लागलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकला, तर तेल वाळताना आतल्या आत तापते आणि विस्तव न लागताही पेटू शकते. चिंध्या पसरून वाळवा, किंवा पाण्यात बुडवून ठेवा. उरलेला द्राव विहिरीजवळ, पाटात किंवा चारीत ओतू नका. आणि पाण्याच्या बाटलीत भरून ठेवू नका. घरात लेकरे असतात.

कॉस्टिकचा मोह धरू नका

कारखान्यात बाष्पपात्रांच्या नळ्यांवर बसलेला थर काढायला कॉस्टिक सोडा वापरतात, हे पुष्कळांना माहीत आहे. "एवढा थर काढतो तर स्टिकर का नाही?" असे वाटणे साहजिक आहे. पण कॉस्टिक ऑइलपेंटमधल्या तेलाचा साबण करून टाकते, म्हणजे रंग बुडापासून सुटतो. अॅल्युमिनियमचा भाग तर ते खाऊन टाकते, आणि कातडी व डोळे यांना फार घातक आहे. ते काम माहीतगार कामगार साधने घालून करतात. घरी कॉस्टिक नको. चुन्याची निवळी आणि राखेचे पाणीही त्याच जातीचे, जरा कमी तेज एवढेच.

तारेचा ब्रश, विटेचा तुकडा, जाड पॉलिश पेपर यांनी चिकटा जातो खरा, पण रंगावर ओरखडे पडतात आणि पुढच्या पावसाळ्यात त्याच ओरखड्यांतून गंज निघतो.

सावली राहिली तर?

सगळे साफ केल्यावरही पुष्कळदा जुन्या अक्षरांची सावली दिसत राहते. तो मळ नाही. स्टिकरखालचा रंग उन्हापासून वाचला आणि भोवतालचा विटला, त्याचा तो फरक आहे. कितीही घासले तरी चिकटा म्हणून तो निघणार नाही. बॉनेटवर नको असेल तर भोवतालचा विटलेला भाग रबिंग कंपाऊंडने हलक्या हाताने घासा. वरचा मेलेला थर निघून खालचा ताजा रंग दिसतो. फडक्याला रंग लागेल, घाबरू नका, पण दोन-तीन हातांत थांबा. ट्रॉलीच्या फाळक्यावर सावली राहिली तर राहू द्या. तिच्यापायी रंग पातळ करण्यात शहाणपण नाही.

नवी पट्टी लावताना

तेलाने स्टिकर काढले, आता तेच तेल नव्या पट्टीचे वैरी आहे. भांड्याच्या साबणाने दोन वेळा धुवा. मग स्वच्छ पाणी मारून बघा. पाणी सलग पसरले तर पत्रा साफ झाला. थेंब थेंब होऊन उभे राहिले तर तेल शिल्लक आहे, पुन्हा धुवा. शेवटी स्पिरिटचा एक हात फिरवून वाळू द्या.

कुठे पत्रा उघडा पडला असेल तर गंज घासून, रेड ऑक्साइडचा हात देऊन वर ऑइलपेंट लावा. त्यावर लगेच पट्टी लावू नका. रंगातला तेलाचा अंश उडून जायला निदान आठवडा द्या, नाहीतर पट्टीखाली फुगे येतात.

पट्टी दिवसा, सावलीत लावा. आपल्याकडे पौष-माघात पहाटे पारा दहा अंशांच्या आसपास येतो, गार पत्र्यावर डिंक धरतच नाही. एका टोकाकडून दाबत, हवा काढत जा, आणि एक दिवस पाणी लागू देऊ नका. मागे लाल, पुढे पांढरी आणि बाजूला पिवळी, हा रंगांचा क्रम पाळा. जोडट्रॉली असेल तर दोन्हींना लावा.

आणखी एक. ट्रॉली भरल्यावर मागे ऊस आणि वाढे लोंबतात, त्यात फाळक्यावरची पट्टी पार झाकून जाते. म्हणून एक पट्टी खालच्या चासीच्या आडव्या पट्टीवर लावावी, किंवा चमकपट्टी लावलेली फळी भरलेल्या मालाच्या मागे बांधावी. रोज खेप सुरू करण्याआधी तिच्यावरून ओले फडके फिरवायला मिनिटही लागत नाही. चमकपट्टीवर रॉकेल किंवा थिनर कधीच लावू नका, तिची चमक जाते.

हे काढू नका

साफसफाईच्या भरात नंबर प्लेट, चासी नंबरची पाटी, आणि फिरत्या शाफ्टजवळ किंवा फवारणी पंपावर असलेल्या धोक्याच्या सूचना काढू नयेत. त्या सूचना नव्या गड्याला वाचवतात. फाटल्या असतील तर नव्या लावा.

कर्ज फिटले म्हणून बँकेचे नाव काढायला पुष्कळांचे हात शिवशिवतात, आणि ते साहजिकच आहे. पण पत्र्यावरचे नाव काढल्याने बोजा उतरत नाही. बँकेचे पत्र आणि फॉर्म ३५ घेऊन परिवहन कार्यालयात नोंदणीपुस्तकावरची नोंद आधी कमी करून घ्या. मग पत्र्यावरचे नाव खुशाल काढा.

सामान फार लागत नाही. साबण, वाटीभर तेल, जुनी चिंधी, बांबूची चिपटी, थोडे टर्पेंटाइन व स्पिरिट, आणि दुपारचे ऊन. ज्यांच्याकडे स्वतःची ट्रॉली नाही अशा सभासदांनी आपला ऊस वाहणाऱ्याला हे सांगावे आणि गाडी फडात आली की मागची पट्टी एकदा बघावी. मोळी पडण्याआधी प्रत्येक ट्रॉलीची मागची बाजू स्वच्छ झालेली असावी, ही सर्व सभासदांना आमची आग्रहाची विनंती आहे.